चिठ्ठीवर जे, ते खिशावर

...तर मग मी विचारायचं कशाला? नाही, तुम्हीच सांगा! जो येतो तो मलाच म्हणतो, "मावशी, कोटावर 'डॉक्टर' काढण्याआधी विचारलं का नाही, की बाबा रे, तू खरंच डॉक्टर आहेस का?" अहो, मी कोट शिवणारी बाई! गावातल्या दवाखान्यांचे पांढरे कोट शिवायचे आणि खिशावर दोऱ्यानं नाव काढायचं, एवढं माझं काम. उद्या पाटी रंगवणाऱ्याला विचाराल, की हॉटेलवर 'स्वच्छ' लिहिण्याआधी मोरीत डोकावला होतास का? माझा आपला एकच नियम. गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहायची, खाली सही ठोकायची, मी ती भिंतीवरच्या खिळ्याला टोचणार आणि त्यात असेल ते अक्षर न् अक्षर काढणार. चिठ्ठीवर जे, ते खिशावर! विषय संपला.

आणि हा नियम काही मला स्वप्नात दिसला नाही, सांगते तुम्हाला. एकदा एक पोरगी आली, एवढीशी, हनुवटीवर पुटकुळ्या, आणि चिठ्ठीत काय, तर 'मुख्य परिचारिका'. मी मनात म्हटलं, हिला वेणी घालता येईना, ही कसली मुख्य! चुकून लिहिलं असेल. आणि शहाणपणा करून 'मुख्य' गाळलं. दुसऱ्या दिवशी ती आली, आणि आई गं... मुख्य का म्हणतात ते मला पहिल्या वाक्यात कळलं! सगळं उसवून परत काढावं लागलं, आणि उसवलेल्या कापडाला भोकं राहतात हो, ती काही बुजत नाहीत. त्या दिवशी कानाला खडा लावला, की आपली अक्कल आपल्या डोक्यात आणि चिठ्ठीवर जे, ते खिशावर.

तर हा आला. नाव नाही घेणार मी त्याचं. मी त्याला हसऱ्या म्हणते, कारण त्यानं एकदा दात दाखवायला तोंड उघडलं की दुकान बंद करायची वेळ झाली तरी ते मिटत नाही. तीन कोट टाकले. चिठ्ठी दिली. आधी 'डॉ.', मग नाव, त्याखाली 'हाडे, सांधे, नसा, मणका', आणि त्याखाली अकरा इंग्रजी अक्षरं, मध्ये मध्ये टिंबं! मला इंग्रजी कुठं येतंय, शाळा चौथीत सुटली, मी आपली कार्बन ठेवून वेलबुट्टी काढावी तशी अक्षरं काढते. पण खिसा केवढा, पोस्टकार्डाएवढा! मी म्हटलं, "अहो साहेब, एवढं शिकलात, खिसा पुरत नाही." तर म्हणतो कसा, दात काढून, "मग खिसा मोठा करा, मावशी! शिक्षण काही लहान करता येत नाही!" केला मोठा. उशीचा अभ्रा लावल्यासारखा दिसत होता. पण अक्षरं काय उतरली होती म्हणून सांगू... भरीव टाका, निळा दोरा, एक धागा इकडचा तिकडे नाही. मीच लांब धरून बघितलं आणि मीच म्हटलं, वा! असा पाहिजे डॉक्टर!

इथंच चुकलं बघा.

कारण पुढं वर्षभरात माझा अंगठा धरला. उजवा. कात्री चालवून चालवून, जाड कापडाच्या आठ-आठ घड्या कापून. सकाळी उठलं की अंगठा दुमडलेलाच, आणि उघडायला गेलं की 'कट्ट'! आता शिंपिणीचा उजवा अंगठा म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. गवयाचा गळा जाऊ दे, तो टाळ वाजवेल. माझा अंगठा गेला तर मी काय वाजवू? सासूबाई म्हणाल्या, "अगं, जा की एखाद्या चांगल्या डॉक्टरकडे. एवढ्यांचे कोट शिवतेस, तुला नाही ठाऊक कोण चांगला?" मी विचार केला... आणि डोळ्यांसमोर कोण आलं? तो उशीचा अभ्रा! निळी अक्षरं! टिंबं! माझ्या हातची अक्षरं बघून माझाच विश्वास बसला हो! दुधानं तोंड पोळलं तर माणूस ताक फुंकून पितं, मी तर दूधही माझंच आणि तापवलंही मीच!

गेले. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, आत कोपऱ्यात तो हाडांचा सापळा टांगलेला, आणि त्याला एक हातच नाही. मी विचारलं, "याचा हात कुठाय?" तर हसऱ्या म्हणतो, "दुरुस्तीला दिलाय." तेव्हाच उठायला हवं होतं की नाही? पण माझे डोळे त्याच्या खिशावर! काय टाके, काय टाके... त्यानं अंगठा धरला, इकडं वळवला, तिकडं वळवला, म्हणाला, "मावशी, नस चढलीय. बसवून टाकू." मी म्हणेपर्यंत, की अहो थां... ओढला! डोळ्यांसमोर काजवे नाहीत, अख्खी दिवाबत्ती झाली! "बघा, बसली!" म्हणतो. मी म्हटलं, "ती बसली असेल, मी खाली पडलेय." मग त्यानं लाकडाची एक पट्टी घेतली, अंगठा त्याला करकचून बांधला आणि एकवीस दिवस सोडायचा नाही म्हणाला. नाही सोडला. मी सांगितलेलं ऐकणारी बाई आहे. चिठ्ठीवर जे, ते खिशावर.

एकविसाव्या दिवशी पट्टी सोडली. आणि अंगठा... हा असा! उभा! खांबासारखा! आधी दुमडला की उघडत नव्हता, आता उघडलाय तर दुमडत नाही! बघा ना, हा बघा, मागच्या रांगेतल्यांना दिसतोय का? तुम्हाला वाटेल मी तुमचं कौतुक करतेय. सगळ्यांना तेच वाटतं! रस्त्यानं चालले की गाड्या थांबतात, "कुठं सोडू, मावशी?" जेवताना मी म्हणते, "आई, आमटी खारट झालीय," आणि सासूबाई अंगठ्याकडं बघून म्हणतात, "आवडली ना? घे अजून." आणि आमचे हे! ह्यांनी विचारलं, "अगं, मित्रांबरोबर चार दिवस फिरायला जाऊ का?" मी ओरडतेय, "अजिबात नाही, दुकानात कात्री कोण चालवणार?" तर हे म्हणतात, "तोंड काही म्हणू दे, हात तर हो म्हणतोय." आणि गेले! खरंच गेले! सहा दिवसांनी आले!

मी तणतणत हसऱ्याकडं गेले. दारातूनच तोंडाचा पट्टा सोडला, हात वर करून, "अरे मेल्या, हे काय करून ठेवलंस?" तर तो उठला, खूश होऊन म्हणतो, "वा मावशी! अस्साच धरा! जरा उजेडाकडं!" आणि खटकन फोटो काढला. मला वाटलं, उपचारासाठी हवा असेल. आता बोला!

आठ दिवसांनी चौकात गेले, तर दीड माणूस उंचीचा फलक. आणि त्यावर कोण? मी! शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं ना, ते फोटोत हसल्यासारखं दिसतंय. अंगठा वर. आणि खाली लिहिलंय, "डॉक्टरसाहेबांनी माझा अंगठा वाचवला! — एक समाधानी रुग्ण." समाधानी! मी! लग्नापासून मला कुणी समाधानी म्हटलं नाही, आणि हा चौकात लावतोय! मी तिथंच उभी, अंगात नुसता वणवा, आणि तेवढ्यात शेजारीण आली, पाठीवर हात ठेवून म्हणते, "बरं झालं बाई, तुमचा फोटो बघितला. माझ्या ह्यांची मान अवघडलीय, आजच नंबर लावून आले." मान! म्हणजे माझा अंगठा वर राहिला, त्या बिचाऱ्याची मान कुठल्या बाजूला राहील? आणि ती कुणाच्या तोंडाकडं बघून गेली? माझ्या! त्या क्षणी ठरवलं. अंगठा गेला तर गेला, पण माझ्या तोंडावर धंदा करतोस काय? तुला त्याच खिशात घालून शिवला नाही, तर कात्री हातात धरणार नाही. म्हणजे, तशीही धरता येत नव्हती. पण ठरवलं.

शेजाऱ्याला आधी बाहेरून कडी घालून घरात कोंडला. मग कचेरी शोधली. अशी एक कचेरी असते, तुम्हाला ठाऊक आहे का? कुणी वैद्यकीचा धंदा करत असेल, तर त्यानं पाटीवर काय लिहावं, कोटावर काय लिहावं, जाहिरात काय करावी, हे बघणारी! तिसरा मजला, लिफ्ट बंद. लिफ्टवाल्याला वाटलं, लिफ्ट बंद आहे म्हणून मी त्याला शाब्बासकी देतेय. आत एक साहेब, काडीसारखे, हातात लाकडी पट्टी, कारण पाटीवरच्या अक्षरांची उंची मोजायची असते. हे पट्टीवाले साहेब कागदाची प्रत्येक ओळ पट्टी ठेवून वाचतात. माझी तक्रार वाचायला त्यांना अर्धा तास लागला, आणि ती आठ ओळींची होती.

मग म्हणतात, "तो डॉक्टर आहे, असं तो स्वतः तुम्हाला म्हणाला?"

"म्हणायला कशाला पाहिजे, कोटावर लिहिलंय!"

"कोटावर कुणी लिहिलं?"

मी पंख्याकडं बघितलं. मग खिडकीकडं बघितलं.

"मी."

"बरं. आणि या फलकावर समाधानी म्हणून अंगठा कोण दाखवतंय?"

"...मी."

"म्हणजे बाई, त्याला डॉक्टर तुम्ही केलं, त्याची जाहिरात तुम्ही केली, आणि आता तक्रारही तुम्हीच करताय." आणि पट्टी खाली ठेवली. "लेखी पुरावा आहे काही?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ! जिना उतरताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. वीस वर्षं मी खाली मान घालून टाके घातले, आणि एकही टाका कुणाच्या वाईटासाठी घातला नव्हता. आणि आता कचेरीत मी गुन्हेगार, चौकात मी समाधानी, आणि तो मेला माझ्याच टाक्यांच्या आड बसून लोकांच्या माना ओढतोय... दुकान उघडलं, पाटावर बसले, भिंतीला डोकं टेकलं. आणि डोक्याला काय टोचलं?

खिळा!

अहो, खिळा! चिठ्ठ्यांचा! एक चिठ्ठी मी आजवर टाकलेली नाही, त्या मुख्य परिचारिकेची शपथ! उपसला सगळा, भिंतीच्या पोपड्यासकट उपसला, आणि तसाच हातात धरून परत तीन मजले चढले. साहेबांच्या टेबलावर आपटला. "घ्या लेखी पुरावा! वरून खाली बघा. त्याचंच अक्षर, त्याचीच सही, तारीख! 'डॉ.' त्यानं लिहिलंय, मी फक्त गिरवलंय. माझं काय म्हणणं आहे? चिठ्ठीवर जे, ते खिशावर!" साहेबांनी चिठ्ठीवर पट्टी ठेवली. वाचली. परत वाचली. आणि तुम्हाला सांगते, त्या वाळक्या माणसाच्या तोंडावर अशी लाली चढली, जशी नव्या नवरीच्या! म्हणाले, "बाई, सतरा वर्षं मी याची वाट बघतोय. कुणी लिहूनच देत नाही हो! सगळे तोंडीच डॉक्टर असतात!"

बोलावलं हसऱ्याला. आला दात काढत. साहेब म्हणाले, "ही अकरा अक्षरं कशाची?" हा म्हणतो, "पदव्यांची." साहेब म्हणाले, "एकेक सांगा, मला घाई नाही." आणि खरंच नसते हो त्यांना! मग निघालं, की पहिली चार अक्षरं ज्या वर्गात मालिश शिकला त्याची. पुढची तीन ज्या मंडळाची वर्गणी भरून सभासद झाला, त्याची. त्यानंतरची दोन एका परीक्षेची. साहेबांनी विचारलं, "दिली?" म्हणतो, "फॉर्म भरला होता." आणि शेवटची दोन? तोंडातल्या तोंडात म्हणतो, "ती... जागा शिल्लक होती म्हणून." अहो, जागा शिल्लक होती! मी खिसा वाढवला होता ना! मालिशचा वर्ग केवढा, तर सहा आठवड्यांचा, आणि त्यातही शेवटचे दोन आठवडे गैरहजर! म्हणजे ओढायचं कसं ते शिकला आणि सोडायचं कसं ते शिकवायच्या दिवशी घरी होता! बघता बघता त्याचे दात एकेक करून आत गेले. मी पहिल्यांदा त्याचे ओठ बघितले. वाईट नाहीत.

साहेबांनी हुकूम काढला. फलक उतरवायचा. पाटी पुसायची. आणि धंदा करायचा असेल तर मालिशच करायची, आणि जो कोट अंगात घालेल त्यावर, पुढून आणि मागून, लिहायचं, 'मालिश करणारा. सहा आठवड्यांचा वर्ग. डॉक्टर नाही.' अक्षरं किमान दोन बोटं उंच. आणि मला विचारलं, "हे कोट शिवतं कोण?" मी म्हटलं, "मीच की!" त्यांनी त्यांच्या हातानं चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला, माझ्या हातात दिली. मी विचारलं, "साहेब, कमीत कमी दोन बोटं. आणि जास्तीत जास्त?" त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. पट्टी ठेवून वाचलं. दोन पानं. म्हणाले, "जास्तीत जास्त... नियमात दिलेलं नाही."

हाय हाय! काय गोड माणूस!

नऊ दिवस बसले मी त्या तीन कोटांवर. आधी 'डॉ.' उसवलं, एकेक टाका, सावकाश, चिमट्यानं भुवया उपटाव्यात तसं, आणि प्रत्येक टाक्याला म्हणत होते, हा गाड्या थांबवल्याचा, हा खारट आमटीचा, हा ह्यांच्या सहा दिवसांचा! मग लाल दोरा घेतला. लाल! निळ्यानं काय होतंय? 'डॉक्टर' एका खांद्यापासून, 'नाही' दुसऱ्या खांद्यापर्यंत, एकेक अक्षर ताटलीएवढं, दुहेरी भरीव टाका, काळी किनार, आंधळ्यानंही हात फिरवून वाचावं असं! अंगठा वाकत नव्हता, तर दोन बोटांत सुई धरली. कात्री ह्यांनी चालवली, नागमोडी चालवली, पण त्या दिवसांत मी बोलले नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं सुंदर तर तू सुनेच्या लुगड्यावर काढलं नाहीस." मी म्हटलं, "आई, सुनेवर एवढं प्रेम नाही माझं."

सोमवारी त्यानं तो कोट अंगात घातला. मी समोरच्या फुटपाथवर स्टूल टाकून बसले. चहा मागवला. म्हटलं, आता बघू कोण फिरकतंय.

पहिला माणूस आला. पाठ वाचली. थांबला. मी चहाचा घोट घेतला. तो आत गेला! दुसरी बाई आली, वाचलं, आत गेली! दुपारपर्यंत खुर्च्या भरल्या, रांग पायऱ्यांवर आली. मी उठून रांगेत शिरले, ओरडले, "अहो, वाचता येत नाही का? डॉक्टर नाही तो!" तर एक म्हातारबुवा म्हणतात, "वाचलं की बाई. आजच्या काळात कोण लिहितंय एवढं खरं, तेही पाठीवर? हा फसवायचा नाही." आणि त्यांच्या पुढं कोण उभं, सांगा. सांगा की! आमच्या सासूबाई! गुडघा धरून! मला म्हणतात कशा, "नीट बघ, उन्हात खिशावर अजून भोकं दिसतात, 'डॉ.'ची. होता गं तो डॉक्टर. स्वतःहून काढून टाकलं. केवढा नम्र!"

शेजारी तेवढा आला नाही. त्याची मान आपली आपण सुटली, मी घातलेली कडी आतून हिसकताना. तेवढंच माझं पुण्य.

धावत गेले पट्टीवाल्या साहेबांकडं. तोवर हसऱ्यानं चौकात नवा फलक लावला होता, "शहरातला एकमेव, जो स्वतःविषयी खरं लिहितो!" साहेब आले, शिडी लावली, अक्षरं मोजली. उतरून म्हणाले, "बाई, एकमेव आहे हेही खरंच आहे. मी तपासलं." आणि पट्टी खिशात घालून गेले.

आणि काल तो स्वतः दुकानात आला. दात परत बाहेर. चिठ्ठी पुढं केली. बारा कोट! "मावशी, अगदी तश्शीच अक्षरं, तोच लाल दोरा. लोकांना फार आवडलीत हो! शाखा काढतोय." मी कात्री उचलली, ह्यांनी माझा हात धरला... मग चिठ्ठी वाचली. त्याचंच अक्षर, त्याचीच सही, एक अक्षर खोटं नाही. आता काय करू? नियम म्हणजे नियम. टोचली खिळ्याला. चिठ्ठीवर जे, ते खिशावर.

बारा कोट, प्रत्येकावर मागून पुढून ताटल्या, आणि अंगठा हा असा. दाखवायला पाहिजे कुणाला तरी, हे मलाही कळतं हो. पण गावातल्या कुठल्याही दवाखान्यात गेलं की समोर माझेच टाके बसलेले! म्हणून तुम्हालाच विचारते, एखादा चांगला डॉक्टर ठाऊक असेल तर सांगा. फक्त त्याच्या कोटावर काय लिहिलंय, ते नका सांगू.

ते मीच लिहिलेलं असतं.